प्राध्यापकांचे ‘दोन तास’

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात गप्पा रंगल्या, की कुणी ना कुणी म्हणतोच, ‘प्राध्यापकांचे बरे असते हो! दिवसाला दोन तास शिकवायचे आणि मे महिनाभर आराम.’ या समजुतीशी आमचे भांडण आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ अध्यापकाने वर्षातील ३० आठवडे, आठवड्याला किमान ४० तास काम करावयाचे असते. त्यांपैकी सहायक प्राध्यापकाचे १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. लोकांना दिसतात ते एवढेच. तासांची तयारी, पर्यवेक्षण, प्रवेशाची गर्दी, सेवा योजनेचे शिबिर आणि ‘नॅक’ची समिती येणार म्हटल्यावर रात्री जागून सजविलेल्या फायली कुणाला दिसत नाहीत. या फायलींतून विद्यार्थ्याला काय मिळते, हे आम्हांस तरी उमगलेले नाही. वर संशोधनही करावयाचे, ते रविवारी!

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशा पूर्वतयारीवाचून उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल रखडले, कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या जुलैत वर्ग बंद ठेवून तपासणीला बसले ते प्राध्यापकच. लोकांचे बोल ऐकले तेही त्यांनीच.

कामचुकार प्राध्यापक आम्हीही पाहिले आहेत. पण त्यांच्याकडे बोट दाखवून आपण ज्यांची विचारपूसही करीत नाही, ते म्हणजे तासिका तत्त्वावर शिकविणारे. पीएच.डी. झालेला तरुण सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्यात शिकवितो. मानधन मिळते ते मोजलेल्या तासिकांचे. सुट्टी लागली की तेही थांबते. त्याच्या लग्नाची बोलणी मात्र ‘कायम आहे का?’ या एका प्रश्नावर मोडतात.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. १ मे रोजी आपण श्रमिक संत जोसेफ यांचा सण साजरा करतो, त्या सुमारास या तरुणाच्या तासिका संपलेल्या असतात. ख्रिस्ती संस्थांच्या महाविद्यालयांतही असे किती अध्यापक आहेत आणि त्यांना वर्षातील किती महिने वेतन मिळते, याचा आकडा चालकांनी दरवर्षी धर्मग्रामांपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे. आपल्या मुलांचा प्रवेश मागावयास जाणाऱ्या पालकांनी हा प्रश्न त्याच टेबलावर विचारावा.