दुसरी खेळी कोणाची?

पंचेचाळिशीकडे झुकलेल्या माणसाला हल्ली उपदेशकांची वाण नाही. 'आता स्वतःसाठी जगा', 'दुसरी इनिंग सुरू करा', 'आतला आवाज ऐका' ही वचने वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि अध्यापकांच्या कार्यशाळांतून सारख्याच उत्साहाने ऐकू येतात. आम्हीही चाळिशीतले मराठीचे अध्यापक आहोत. तीच टिपणे विसाव्यांदा वर्गात वाचताना येणारी मरगळ आम्हांस ठाऊक आहे, तेव्हा दुखणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप औषधावर आहे. अर्थ माणसाच्या आत कोठेतरी दडलेला असतो आणि निवांतपणा मिळाला की तो सापडतो, हे या उपदेशाचे गृहीतक आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतला पुरावा त्याच्या नेमका विरुद्ध आहे.

नाणेघाटातल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला सातवाहनकालीन लेख आहे. त्यातली राणी नागनिका होय, असे अभ्यासक मानतात. राजाच्या पश्चात ती महिनामहिना उपवास करते, ब्रह्मचर्य पाळते, आणि तपस्विनीसारखी राहते. पण राहते ती घरातच. ती वनात गेली नाही. त्याच लेखात यज्ञांची, गायी-घोड्यांच्या आणि कार्षापणांच्या दानांची भली मोठी यादी आहे, राजकुमारांचे उल्लेख आहेत. मुले लहान असताना तिनेच कारभार पाहिला, असाही तर्क केला जातो. वानप्रस्थाचा आदर्श आपण वर्गात मोठ्या आदराने शिकवतो; परंतु तो आदर्श पाळणाऱ्याच्या मागे घर कोणीतरी सांभाळत असते, हे सांगायचे राहून जाते. नाणेघाटातली ही बाई त्या 'कोणीतरी'पैकी होती. तिचे वैराग्य आणि तिची जबाबदारी एकाच भिंतीवर कोरलेली आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगावच पाण्याखाली गेले. डोंगरात भातशेती करणाऱ्या आदिवासी कुटुंबांतल्या कर्त्या माणसांना, त्यांत मध्यमवयीनही आलेच, आयुष्य नव्याने मांडावे लागले. 'शाश्वत' संस्थेच्या साथीने त्यांतल्या काहींनी जलाशयात मासेमारी शिकून घेतली, उतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याचे पडकईचे काम सामुदायिक श्रमाने पुढे चालवले. २०१२ साली या कामाला 'इक्वेटर' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे नवी सुरुवात कोणी हौसेने केली नव्हती. ती लादली गेली होती, आणि निभावली ती एकमेकांच्या आधाराने.

यावर आक्षेप येईल की आम्ही गरिबांच्या कष्टांचे उदात्तीकरण करीत आहोत. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नारायणगावातच आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याइतके कामाशी एकरूप झालेले आयुष्य विरळा. १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरीही त्यांची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. आज राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते तो त्यांच्याच नावाने. विठाबाईंना जीवनाचे प्रयोजन शोधायला कोणी सांगण्याची गरज नव्हती. कमी पडला तो समाजाचा आधार. म्हणून आम्ही म्हणतो की उत्तरायुष्याचा प्रश्न केवळ मनाचा नाही. ज्या समाजाला आपल्या वृद्ध कलावंताच्या औषधपाण्याची सोय करता येत नाही, त्याने त्याला अर्थपूर्ण जगण्याचा सल्ला देणे हा कोडगेपणा आहे.

मराठी समीक्षेने तरी मध्यवय कसे वाचले? बहुधा शहरी, नोकरदार पुरुषाचे एकाकीपण म्हणून. ते एकाकीपण खरे आहेच; पण तेच मध्यवयाचे एकमेव रूप ठरवले की कांद्याच्या खुरपणीला जाणारी पंचेचाळिशीची बाई साहित्याच्या प्रश्नाबाहेर जाते. तिला पोकळी जाणवत नसेल असे नव्हे. तिची पोकळी आपण विचारलेली नाही.

आमच्यापुरते आम्ही एवढे ठरवले आहे. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना नाणेघाटात नेऊन तो लेख भिंतीसमोर उभे राहून शिकवायचा. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात तेव्हा थकलेल्या कलावंतांच्या आठवणी नोंदवायच्या. डिंभ्याच्या काठावरच्या म्हाताऱ्या माणसांकडून शेतीचे आणि बुडालेल्या गावांचे शब्द गोळा करायचे. यातून आम्हांस पदोन्नतीचे गुण मिळतीलच असे नाही, आणि आमची मरगळ जाईल याचीही हमी नाही. पण कार्यशाळेत डोळे मिटून स्वतःला शोधण्यापेक्षा हे काम आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी आमचा प्रतिवाद अवश्य करावा; मात्र तो करताना खुरपणीला जाणाऱ्या त्या बाईला वगळू नये.