शहर १२ हजारांचं की १ लाख ४० हजारांचं?

भाचीच्या भूगोलाच्या वहीत परवा शहराची आकृती बघितली. एकात एक पाच वर्तुळं. बर्जेस नावाच्या अभ्यासकाने १९२५ मध्ये शिकागो शहरावरून मांडलेली. मधोमध बाजार आणि कचेऱ्या, मग पडीक वस्त्या, मग कामगारांची घरं, आणि बाहेर जाल तसतशी पैसेवाल्यांची घरं. भाची म्हणाली, "मामा, आता जव्हारची काढून दाखव."

काढायला बसलो आणि अडकलो. मधला बाजार जमला. पण आपल्याकडे बाहेर जाल तसे बंगले नाही, पाडे लागतात. आणि शेवटचं वर्तुळ थांबवायचं कुठे? नगरपरिषदेच्या हद्दीवर? मग साखरशेतहून येणारा माणूस कुठल्या वर्तुळात?

२०११ च्या जनगणनेत जव्हार शहराची लोकसंख्या सुमारे १२ हजार. तालुक्याची, शहर धरून, सुमारे १ लाख ४० हजार. दाखला, दवाखाना, बँक, बाजार, कॉलेज, सगळ्याला लोक इथेच येतात. जर्मनीच्या क्रिस्टालरने १९३३ मध्ये हेच सांगितलं होतं: गाव मोठं होतं ते आजूबाजूच्या खेड्यांची गरज भागवतं म्हणून. आपलं शहर त्या खेड्यांच्या जिवावर चालतं.

आणि त्यांच्यासाठी शहरात जागा किती? पेशंटसोबत आलेल्या बाईने रात्री टेकायचं कुठे? बाजाराला आलेल्या बायकांनी लघवीला जायचं कुठे? दिवाळीनंतर भिवंडी-वसईला कामाला निघालेली कुटुंबं लेकरंबाळं, बोचकी घेऊन रस्त्याच्या कडेलाच गाडीची वाट बघतात.

कोणी म्हणेल, नगरपरिषदेचा पैसा शहरातल्या करदात्याचा. बरोबर आहे. पण कर भरणाऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक कोण? आणि सगळा भार नगरपरिषदेवर नको, जिल्ह्याने आणि आदिवासी विकास विभागानेही वाटा उचलावा. पण त्याआधी नकाशावर जागा राखून ठेवावी लागते. एकदा प्लॉट पडले, की नंतर निधी येऊनही उपयोग नाही.

साखरशेतच्या माणसाला नगरपरिषदेत मत नाही. पण १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, की कोणीही लेखी हरकत-सूचना देऊ शकतो. शहरातच राहायला पाहिजे अशी अट नाही. तेव्हा पुढच्या वेळी नोटीस लागली, की आपल्या पाड्यातून एक तरी अर्ज जाऊ द्या: रात्रनिवारा, स्वच्छतागृह, बाजाराला ओटे. लिहायला अडचण आली तर मला सांगा, बसून लिहू.