गॅस संपत नाही, गळतो

मार्च उजाडला की मोलगीत पिकअपला उसंत नसते. आधी मोहाची फुलं, मग आमचूर. डोंगरातल्या बाया कैऱ्या सोलून, चिरून खडकावर वाळवतात, बाजारात आणतात, व्यापारी पोती भरतात. ती पोती देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तळोदा करत हातोड्याच्या पुलावरून नंदुरबारला जातात. म्हणजे आमच्याकडे गाडीचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम एकच. याच दिवसांत एसी असलेल्या पिकअप माझ्या टपरीसमोर थांबतात आणि ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच खिडकीतून सांगतो, "भाऊ, एसी थंड करत नाही, गॅस मारून दे."

मी गॅस मारून देत नाही. आधी बोनेट उघडतो. यावरून वाद झालेत, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून खाली अक्कलकुव्याला गेलंय. तरी माझं म्हणणं तेच आहे : दरवर्षी गॅस भरणं ही दुरुस्ती नाही, ते गिऱ्हाईकाला दरवर्षी परत बोलावणं आहे.

गाडीचं काम मी सुरतला शिकलो. आमच्या डोंगरातली पोरं कामाला गुजरातलाच जातात, तसा मीही उधन्याच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. तिथल्या उस्तादाने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की एसीचा गॅस डिझेलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पातळ होतो, व्हॉल्व्हमधून सुटला की गार पडतो, डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमध्ये केबिनची उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. बंद नळीतली ही फेरी आहे. घरातल्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात कोणी गॅस भरतं का? गाडीला रबरी होज असतात, हादरे असतात, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो हे खरं. पण गेल्या वैशाखात भरलेला या चैत्रात नसेल, तर कुठेतरी भोक आहे.

आणि कित्येकदा गॅस पुरेसा असतोच. ड्रायव्हरला दोनच प्रश्न नीट विचारले तरी अर्धं निदान होतं : कुठे थंड करत नाही आणि कधी? आमचा रस्ताच यासाठी चांगली तपासणी आहे. घाट चढताना दुसऱ्या गिअरला इंजिन ओरडतंय, गाडीचा वेग कमी, समोरून वारा नाही, तेव्हा एसी कोमट होतो. पण तळोद्याच्या सपाट रस्त्यावर गाडी पळायला लागली की पुन्हा थंड. इथे पहिला संशय गॅसवर घ्यायचा नाही, हवेवर घ्यायचा. पंखा फिरत नसेल किंवा ढिला फिरत असेल. ज्या डिझेल गाड्यांना व्हिस्कस कपलिंगचा पंखा आहे त्यांचं कपलिंग थकलं की तापल्यावरही पंखा जोर धरत नाही. नाहीतर कंडेन्सर बुजलेला असतो. आमच्याकडच्या जाळ्यांतून मी काय काय काढलंय : लाल माती, किडे, भगरीचा कोंडा, एकदा तर सुतळीचा अख्खा गुंता. मार्केटला रांगेत उभं असताना एसी बसतो आणि गाडी हलली की चालतो, त्यामागेही बहुतेक वेळा हेच.

उलट तक्रारही येते. निघताना झकास गार, तासाभराने जाळीतून येणारी हवाच कमी होते, गाडी थोडी बंद ठेवली की परत ठीक. ही आतल्या कॉइलवर बर्फ धरल्याची खूण. थर्मोस्टॅट नाहीतर धुळीने भरलेला केबिन फिल्टर बघायचा. आणि काही गाड्यांत तर हीटरचा फ्लॅप पूर्ण मिटत नाही, एका बाजूने गार आणि एका बाजूने गरम हवा एकत्र येऊन अंगावर पडते. बाहेरची हवा घ्यायचं बटण चालूच ठेवून नंदुरबारच्या दुपारी एसीला शिव्या घालणारेही कमी नाहीत. त्यांच्याकडून मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

मोलगी उंचावर आहे, सकाळी इथे हवा बरी असते. त्यामुळे अशक्त झालेला एसीही इथे पास होतो आणि खाली तापीकाठी गेल्यावर नापास. तेव्हा फक्त भर दुपारी कमी पडत असेल, कॉम्प्रेसरचा क्लच सारखा टक-टक लागत-सुटत असेल, तर मात्र गॅस कमी असू शकतो. पण तेही मीटर लावून बघायचं. दोन घड्याळं असतात, निळं आणि लाल. साधारण पस्तीस अंशांच्या हवेत निळ्यावर तीस ते चाळीस पीएसआय आणि लाल्यावर दोनशे ते अडीचशेच्या आसपास दाब दिसला तर गॅसला हात लावायचं कारण नाही. दोन्हीकडे कमी, तर गॅस कमी. दोन्हीकडे जास्त, तर गॅस जास्त भरलाय किंवा कंडेन्सर उष्णता टाकत नाही. निळं चढलंय आणि लाल पडलंय, तर कॉम्प्रेसर दमलाय. ज्याच्याकडे एकच नळी आणि एक डबा आहे त्याला यातलं काहीच दिसत नाही. पंखा बंद असलेल्या गाडीत तो आणखी गॅस कोंबतो, दाब वाढतो, आणि हजारांत सुटणारं काम कॉम्प्रेसरपर्यंत जातं.

गळती शोधायला फार विद्या लागत नाही. गॅसबरोबर थोडं तेलही फिरत असतं. जिथून गॅस निघतो तिथे तेल लागतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. पाइपच्या जोडावर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तो डाग ड्रायव्हरलाही दिसेल. नाही दिसला तर नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं. आमच्या रस्त्यांवर पाइप क्लॅम्पमधून सुटून पत्र्याला घासतात. आणखी एक कारण गाडीवाले मान्य करत नाहीत : पावसाळाभर आणि हिवाळाभर एसी बंद ठेवला की सील कोरडे पडतात. आठवड्यातून दहा मिनिटं चालू ठेवला तर तेल फिरत राहतं.

गळती बुजवल्यावर अर्धा तास व्हॅक्यूम, आणि मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढे ग्रॅम वजन करून गॅस. व्हॅक्यूम न करता भरला की आत हवा आणि ओल राहते, ओल व्हॉल्व्हमध्ये गोठते. काही ठिकाणी स्वस्तात पडतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस भरतात. थंड करतोही. पण आतली कॉइल फुटली की तो केबिनमध्ये येतो, आणि केबिनमध्ये कोणीतरी बिडी पेटवतंच. नेहमीचा आर-१३४ए गॅस जळत नाही, पण तोही हवेत सोडायचा नाही. एक किलो सुटला तर हवामानावरचा परिणाम सुमारे चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढा धरतात. दरवर्षी मोहाचा बहर पुढेमागे झाल्याच्या गप्पा आम्ही चहावर मारतो, तेव्हा हेही बोलायला हरकत नाही.

पण सगळा दोष गॅरेजवाल्यांवर टाकला तर मी माझ्याच धंद्यावर अन्याय करीन. पिकअपच्या ड्रायव्हरचा उकाडा कोणाच्याच हिशेबात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगलं झालं. मात्र ही सक्ती एन-२ आणि एन-३ गटांना, म्हणजे भरलेलं एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या मालवाहू गाड्यांना आहे. आमची पिकअप एन-१ मध्ये येते. कागदावर ती साडेतीन टनांच्या आत असते. घाटात किती असते ते आम्ही बोलत नाही.

साडेतीन टनांखालच्या माणसाला ऊन कमी लागतं का? उलट ट्रकची केबिन तरी उंच आणि ऐसपैस. पिकअपचं इंजिन ड्रायव्हरच्या पायाशी, छताला नुसता पत्रा, गिअरचं रबर फाटलं की बोनेटखालची गरम हवा थेट मांडीवर, आणि दोघांच्या जागेत चौघं. देवगोईच्या वळणांवर घामाने स्टिअरिंग निसटलं किंवा उकाड्याने डोळा लागला तर खाली कोण वाचणार? मोठ्या ट्रकला लागू केलेला नियम पिकअपलाही लावला पाहिजे. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या पोराच्या हातात मीटर, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा दिला पाहिजे. नाहीतर एसी सक्तीचा होईल आणि दोन उन्हाळ्यांनी तो फक्त पंखा होऊन बसेल.

मालक म्हणतात, एसीने डिझेल जातं. जातं, नाही कशाला म्हणू? पण बुजलेल्या कंडेन्सरचा एसी जास्त डिझेल खातो आणि थंडही करत नाही, हे त्यांनी त्यात धरलेलं नसतं. शिवाय पुढचं बिल देताना मेकॅनिककडून दोन आकडे लिहून घ्या, निळ्याचा आणि लाल्याचा. जो लिहून देत नाही त्याने मीटर लावलेलंच नाही असं समजा.

आमचूर सुरू व्हायच्या आत एवढं मात्र प्रत्येकाने दारातच करावं. इंजिन गार असताना समोरची जाळी काढून कंडेन्सरवर साधी पाण्याची नळी धरावी, शक्य असेल तर आतून बाहेर. सर्व्हिसिंगवाल्याचं प्रेशर जवळून मारू देऊ नका, ॲल्युमिनियमची पाती कागदासारखी पातळ असतात, मुडपली की हवा जात नाही. मग एसी लावून बोनेट उघडं ठेवून पंखा नीट जोर धरतोय का ते बघावं. एवढं करून थंड झाला नाही, तर गाडी घेऊन या.