आत काय ठरलं?

काही महिन्यांपूर्वी हिंजवडी परिसरातल्या एका महाविद्यालयात दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र भरले होते. विषय भरघोस होता: ‘जागतिकीकरण, भाषा आणि संस्कृती’. कादंबऱ्या लिहितो म्हणून उद्घाटनाच्या व्यासपीठावर मलाही एक खुर्ची मिळाली. शाल, श्रीफळ आणि रोपटे घेऊन मी खाली उतरलो आणि दोन्ही दिवस मागच्या रांगेत बसून राहिलो. बँकेतल्या नोकरीने लावलेली एक खोड अजून सुटलेली नाही. कुठेही गेलो की मी मोजायला लागतो.

मोजणीचा हिशेब असा. शोधनिबंध ऐंशीच्या वर. एकाच वेळी तीन दालनांत सत्रे. प्रत्येक वक्त्याला सात मिनिटे, पाचव्या मिनिटाला घंटा. मी बसलो त्या सत्रांमध्ये मिळून प्रश्न विचारले गेले तीन, आणि त्यांतले दोन मीच विचारले होते. निबंध वाचून झालेली माणसे प्रमाणपत्राच्या टेबलापाशी रांग लावत होती. समारोपाला सभागृहात उरले ते आयोजक, आभार मानणारे आणि आम्ही तीन-चार म्हातारे.

दुपारी चहासाठी फाटकाबाहेर आलो. टपरीवर गावातले एक तात्या बसले होते. मंडपाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “साहेब, दोन दिवस एवढी मोठी सभा चाललीय. आत काय ठरलं?” मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. निबंध वाचायला आलेल्या तरुण प्राध्यापकांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. त्यांतले कित्येक तासिका तत्त्वावर काम करणारे होते. पदरच्या पैशाने एस.टी.ची तिकिटे काढून, नोंदणीशुल्क भरून आले होते. एक तरुण मला म्हणाला, “सर, मुलाखतीला गेलो की आधी फाईल बघतात.” ही फाईल जाड का लागते, याला इतिहास आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुण लावले. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर दहा, राष्ट्रीय परिषदेत साडेसात, राज्यपातळीवर पाच. पुढे नियम बदलले, पण लागलेली सवय गेली नाही. साडेसात गुण राष्ट्रीयला मिळतात म्हटल्यावर गावातल्या गावात भरणारे चर्चासत्रही ‘राष्ट्रीय’ होणारच. आमच्या बँकेत मार्चअखेरीस उद्दिष्ट गाठायचे म्हणून कागदोपत्री ठेवी फुगवल्या जात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या जिथून आल्या तिथे परत जात. चर्चासत्रांचे काहीसे तसेच झाले आहे. व्हाउचर सगळी बरोबर असतात, तिजोरीत मात्र भर पडत नाही.

मला खरी खंत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या ऐंशी निबंधांत हिंजवडीवर एकही निबंध नव्हता. जागतिकीकरणावर बोलायला देशभरातून माणसे आली, आणि जिथे ते जागतिकीकरण उघड्या डोळ्यांनी दिसते त्या फाटकाबाहेर चहापुरतेच आली. निमंत्रणपत्रिकेवर तर गावाचे नावही ‘हिंजेवाडी’ छापलेले होते. गावकरी हिंजवडी म्हणतात. पाट्यांवर, नकाशांत आणि कंपन्यांच्या पत्त्यांत त्याची अनेक रूपे झाली आहेत. भाषेवरच्या चर्चासत्राला एवढा एक विषयही पुरला असता: गावाचे नाव ठरवतो कोण?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान इथे उभे राहू लागले. त्याआधी हे मुळशी तालुक्यातले शेतीवर जगणारे गाव होते. जमिनीचे पैसे आले ते कुठे गेले? कोणाच्या चाळी उभ्या राहिल्या, कोणाच्या गाड्या विकल्या गेल्या, बहिणींच्या सह्या कशा घेतल्या गेल्या? हा अर्थशास्त्राचा विषय आहे. तेलुगू, कन्नड, ओडिया, हिंदी बोलणारी हजारो माणसे इथे भाड्याने राहतात. त्यांच्याशी घरमालकीणबाई कोणत्या भाषेत बोलतात, आणि त्यांची नातवंडे आपसात कोणत्या भाषेत भांडतात? हा भाषाविज्ञानाचा विषय आहे. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाच्या यात्रेत हिंजवडीहून वाकडला बगाड निघते. वाटेत आता उड्डाणपूल आहे, काचेच्या इमारती आहेत. तरीही बगाड निघते, आणि मानपान कसोशीने पाळले जातात. संस्कृतीच्या अभ्यासकाला आणखी काय हवे?

टपरीवरच्या तात्यांनी अर्ध्या तासात मला आपल्या शिवारातल्या वावरांची नावे सांगितली. प्रत्येक खाचराला नाव, प्रत्येक बांधाला एक गोष्ट. राब कधी भाजायचा, आवणी कोणाच्या वावरात आधी लागायची, तेही सांगितले. आता त्या खाचरांवर वाहनतळ आहेत. सातबाऱ्यावर गट क्रमांक राहतो, नाव राहत नाही. तात्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. ही नावे टिपून घ्यायला किती वर्षे हातात आहेत, हा हिशेब मांडायला बँकेत नोकरी केलेली असण्याची गरज नाही.

पुण्याच्या विद्वानांनी असे काम कधी केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले इन्स्टिट्यूटने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी घरोघर जाऊन केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. कोयना धरणाने विस्थापित झालेल्या माणसांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. ती डेक्कन कॉलेजने १९६९ साली छापली. आणि मुळशी तालुक्याचेच उदाहरण घ्यायचे तर १९२१च्या रामनवमीला टाटांच्या धरणाविरुद्ध सुरू झालेला मुळशी सत्याग्रह आहे. सेनापती बापटांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण त्या लढ्यात मावळे कुठे होते, सावकार कुठे होते, पुण्याचे पुढारी कधी आले आणि कधी पांगले, हे नीट समजले ते पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातले प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासामुळे. त्यांचे मराठी पुस्तक आधी आले, इंग्रजी ग्रंथ २००९ साली निघाला. हे काम सात मिनिटांत वाचून झाले नसते. अशा एका कामावर पुढची पन्नास वर्षे बोलता येते.

यावर एक आक्षेप मला त्या दिवशीच ऐकवला गेला. “सर, स्थानिक विषय घेतला की काम स्थानिकच राहते. बाहेर कोण विचारतो?” आक्षेप खोटा नाही. तरुण अभ्यासकाला जगात जायचे आहे, त्याला इंग्रजीत लिहावे लागते, आणि त्याने लिहावेच. पण व्होरांचा विषय एका तालुक्याचा होता, म्हणून त्यांचा ग्रंथ जगाच्या उपयोगाचा झाला. धरणे जगभर आहेत, आणि जमिनी गेलेली गावेही. जगाला आपल्याकडून हवे आहे ते आपल्याजवळचे. परदेशी सिद्धान्तांची आठव्या हाताची उजळणी त्याला कशाला हवी असेल?

म्हणून काही साध्या सूचना करतो. निबंध ऐंशी नकोत, बारा पुरेत. प्रत्येकाला अर्धा तास आणि चर्चेला तेवढाच वेळ द्यावा. प्रत्येक चर्चासत्रात किमान एक सत्र ते जिथे भरते त्या गावावर असावे, मराठीत असावे, आणि त्या सत्राला गावातल्या माणसांना श्रोते म्हणून नव्हे, जाणकार म्हणून बोलवावे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी यांच्या अभ्यासक्रमांत एक पेपर क्षेत्रीय कामाचा ठेवावा, आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाने विद्यापीठाचे बहिःशाल मंडळ व्याख्यानमाला चालवत आले आहे. ‘बहिःशाल’ म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेर. वाट नवी शोधावी लागत नाही; तिच्यावरून दोन्ही बाजूंनी ये-जा झाली पाहिजे, इतकेच.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला. आता त्यावरही चर्चासत्रे होत राहतील, आणि शिलालेखांपासून संतांपर्यंत सगळ्यांचे स्मरण होईल. व्हायलाच हवे. पण अभिजातता फक्त मागे पाहून टिकत नाही. आज बोलली जाणारी भाषा, ती बोलणारी माणसे आणि त्यांच्या वावरांची नावे आपण लिहून ठेवली नाहीत, तर पुढच्या पिढीला आपल्याविषयी शोध घ्यायला काय उरणार?

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या टपरीवर गेलो होतो. या वेळी वही बरोबर नेली होती. तात्यांना म्हटले, “आत काय ठरलं ते मला नाही सांगता येत. तुम्ही त्या खाचरांची नावं पुन्हा एकदा सांगा.” एकतीस नावे झाली. मी प्राध्यापक नाही, भाषाविज्ञानाचा जाणकारही नाही. एखाद्या तरुण अभ्यासकाला ही वही हवी असेल तर माझ्याकडे आहे. मात्र त्याने तात्यांकडे आधी जावे, वहीकडे नंतर.