बंदुकीचा नंबर घराबाहेरही लिहून ठेवा

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर भात पोटरीला आले की रानडुकरे शेतात उतरतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणूनच 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. (बंदुकीचे लायसन म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते.) बौद्धाच्या घरात बंदूक कशाला, पंचशीलाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे. आमचा आजचा मुद्दा कागदाचा आहे.

बंदूक चोरीला गेली तर काय होते, हे आम्ही वकिलीत पाहिले आहे. गरीब माणूस धावत पोलीस ठाण्यात जातो. पहिला प्रश्न येतो, नंबर काय? तो सांगतो, लायसनवर आहे साहेब. आणि लायसन त्याच पेटीत होते, पेटीसकट गेले. मग दुसरा प्रश्न येतो, कोणाला विकलीस? सकाळी फिर्यादी म्हणून गेलेला माणूस संध्याकाळी संशयित म्हणून बाकड्यावर बसलेला असतो. गावच्या बड्या घराची बंदूक गेली की मात्र साहेब जीप घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात.

शस्त्र नाकारल्यामुळेच खालच्या वर्णांना उठाव करता आला नाही, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलना’त मांडले. अॅट्रॉसिटी कायद्याखालील 1995 च्या नियमांतला नियम 3 वाचा. अत्याचारप्रवण भागात गरज पडल्यास सवर्णांचे शस्त्र परवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. किती जिल्हाधिकाऱ्यांनी हा नियम उघडून पाहिला, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण जो परवाना एवढ्या कष्टाने मिळतो, तो एका हरवलेल्या नंबरापायी आपल्याच गळ्यात फास म्हणून पडू देऊ नये.

तेव्हा बंदुकीच्या नळीवरचा नंबर, बनावट, परवान्याचा क्रमांक आणि ऑनलाइन नोंदणीचा युनिक क्रमांक वहीत लिहा. त्याची नक्कल भावाकडे, लेकीच्या सासरी किंवा विहाराच्या कपाटात ठेवा. मोबाईलवर फोटो काढा, नंबर वाचता येईल असा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली तर पोचपावती घेतल्याशिवाय घरी येऊ नका, आणि परत आणताना तोच नंबर आहे का ते तिथेच पाहा. जुन्या बंदुकीवर नंबरच नसेल किंवा घासला गेला असेल तर गप्प बसू नका. कलम 8 प्रमाणे खूण पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात, त्यानेच ती पुसली असे कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. ठाण्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

चोरी झालीच तर लगेच जवळच्या ठाण्यात खबर द्या. ती परवान्याची अटच आहे. येथे एक मेख आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र ठेवली आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकीची किंमत ती काय? एनसीचा कागद हातात देऊन तुम्हाला वाटेला लावतील. पण घरातून झालेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये येते. तेथे किमतीची अट नाही आणि गुन्हा दखलपात्र आहे. शिवाय शस्त्र कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, आणि चोराच्या हातातली बंदूक विनापरवानाच असते. एफआयआर मागा, तिची प्रत फुकट मिळते. नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

आणखी एक. वडील गेले की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. आढ्याला टांगलेली बापाची आठवण मुलासाठी विनापरवाना शस्त्र ठरते. ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी, आणि हवी असेल तर वारस म्हणून आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करावा. तोवर ती पावती वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत ठेवावी, एकाच पिशवीत.