विश्लेषण : रक्तदाबाच्या औषधात ‘लघवीची गोळी’ कशासाठी? आष्टीच्या उन्हात आणि उसाच्या फडात ती सुरक्षित कशी राहील?

रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून पाहिली, तर मागच्या बारीक अक्षरांत हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी एखादे नाव अनेकदा सापडते. ही मूत्रल औषधे, म्हणजे बोलीभाषेतली ‘लघवीची गोळी’. टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅमलोडिपिनसोबत एकाच गोळीत ती मिसळलेली असल्याने आपण ती घेतो हेच अनेक रुग्णांना ठाऊक नसते. औषध स्वस्त आहे, जुने आहे आणि गुणकारी आहे. मात्र बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या अवर्षणप्रवण आणि ऊसतोड मजुरांच्या तालुक्यात ते सुरक्षित राहणे तीन गोष्टींवर ठरते : वेळेवर झालेली रक्ततपासणी, अंगातले पाणी आणि सोबत घेतली जाणारी अंगदुखीची गोळी.

ही गोळी शरीरात काय करते?

मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत घेतात. थायाझाइड गटातली औषधे यातल्या मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या, परतीच्या वाटेवर अडसर घालतात. मीठ बाहेर जाते, त्यासोबत पाणीही जाते, आणि रक्तवाहिन्यांतला दाब उतरतो. हे सुरुवातीचे काही दिवस. काही आठवड्यांनी लघवीचे प्रमाण जवळपास पूर्ववत होते, तरीही रक्तदाब कमीच राहतो, कारण रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. त्यामुळे ‘आता लघवी जास्त होत नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही’ हा समज चुकीचा आहे. त्यापायी गोळी बंद करणे तर अधिकच चुकीचे.

फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड या गोळ्याही मूत्रलच, पण त्यांचे काम वेगळे. पायांवरची सूज, हृदयाची दुर्बलता, मूत्रपिंडाचा आजार अशा कारणांसाठी त्या प्रामुख्याने दिल्या जातात. शेजाऱ्याची ‘लघवीची गोळी’ आपल्या रक्तदाबाला चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

या गटातले पहिले औषध, क्लोरोथायाझाइड, १९५८ मध्ये बाजारात आले. पुढे अमेरिकेतील ‘ऑलहॅट’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जुने क्लोरथॅलिडोन नव्या, महागड्या औषधांपेक्षा हृदयविकाराचे झटके रोखण्यात कमी पडत नाही, हे त्यातून दिसले. २०२२ मध्ये अमेरिकेतच १३,५०० हून अधिक माजी सैनिकांवरील चाचणीत क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची थेट तुलना झाली. हृदयविकार आणि पक्षाघात रोखण्यात फरक आढळला नाही. पोटॅशियम घसरण्याचे प्रमाण मात्र क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांत अधिक होते.

भारतात हा प्रश्न किती जणांचा आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के महिला उच्च रक्तदाबाच्या कक्षेत येतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. ठरावीक औषधे, ठरावीक पायऱ्या ही त्याची पद्धत. त्यात अ‍ॅमलोडिपिन आणि टेल्मिसार्टन यांनी भागले नाही, की मूत्रल औषधाची पायरी येते.

मग आष्टीसाठी वेगळा विचार का?

कारण औषध तेच असले तरी दिवस तसा नसतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तालुक्यातली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. पहाटेपासून तोड, मग मोळ्या बांधणे आणि गाडी भरणे. घामावाटे मीठ-पाणी जातच असते, त्यात गोळीही तेच बाहेर काढते.

संध्याकाळी कंबर धरली, की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. खरा धोका इथे आहे. दुखीच्या या गोळ्या मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी आवळतात. टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. मूत्रल औषधाने आणि घामाने मुळात रक्तातले पाणीच घटलेले असते. विहीर तळाला गेलेली, येणारा पाइप चिमटलेला आणि जाणारा कॉक सताड उघडा, अशा वेळी टाकीत दाब राहणार कुठून? गाळण्याचे काम मंदावते आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. तिन्ही औषधे एकत्र आली, की जगभरातले डॉक्टर सावध होतात ते यामुळेच. दुखीसाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित मानले जाते, पण तेही किती घ्यायचे हे विचारूनच.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणात आढळला आहे. तो रक्तदाबाच्या गोळीमुळे नाही. उष्णता आणि सततची पाण्याची कमतरता ही त्याची संशयित कारणे आहेत आणि नेमक्या कारणावर अजून संशोधन सुरू आहे. तरीही नुसते ऊन आणि कोयताच मूत्रपिंडावर किती ताण टाकू शकतात, हे त्यातून कळते.

महिलांची अडचण आणखी वेगळी. फडात शौचालय नसते, म्हणून दिवसभर पाणी कमी पिण्याची सवय लागते. त्यात ‘लघवीची गोळी’ म्हटल्यावर ती टाळली जाणे स्वाभाविकच. याला दोष बाईचा म्हणता येणार नाही. गोळीची सुरुवात निघण्याच्या आदल्या आठवड्यात न होता गणपतीच्या सुमारास झाली, तर लघवी वाढण्याचे दिवस घरीच सरतात आणि पहिली रक्ततपासणीही गाव सोडण्याआधी होऊन जाते. स्थलांतराचे वेळापत्रक डॉक्टरांना सांगणे म्हणूनच महत्त्वाचे.

कोणती तपासणी, आणि कधी?

सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा, सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने, निदान वर्षातून एकदा.

यातली दुसरी तपासणीच बहुधा राहून जाते, आणि नेमकी तीच मोलाची आहे. सोडियम घसरण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत अधिक असतो. वयस्कर आणि किरकोळ अंगकाठीच्या महिलांत तर विशेष. मळमळ, तोल जाणे, सुस्ती, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. घरात मात्र ‘म्हातारीला ऊन लागले’ म्हणून कांदा हुंगवला जातो. पोटॅशियम घसरले तर पायांत गोळे येतात, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडते. साखर आणि युरिक अ‍ॅसिडही थोडे वाढू शकते. मधुमेह किंवा गाऊट असेल, तर ते आधीच सांगावे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. मोठ्या दवाखान्यासाठी आष्टीकरांचा ओढा नगरकडे असतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी रेल्वे सुरू झाल्यापासून ती वाट थोडी सोपी झाली. तिथले रिपोर्ट गावातल्या डॉक्टरांना दाखवले, तर मात्रा ठरवणे सोपे जाते.

गोळी घेताना काय पाळावे?

गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब उभे राहूनही मोजून घ्यावा. उन्हाळ्यात तो आपसूक थोडा उतरतो आणि कधी मात्रा कमी करावी लागते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. जुलाब-उलट्या लागल्या आणि जेवण-पाणी पोटात ठरत नसेल, तर गोळी चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची, हे आजारी पडण्यापूर्वीच विचारून ठेवलेले बरे. ऐनवेळी फडातून फोन लागेलच असे नाही.

मिठाचे काय? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. ठेचा, लोणचे, पापड आणि खारे शेंगदाणे रोजच्या ताटात असतील, तर ही मर्यादा सहज ओलांडते आणि गोळीचा बराचसा परिणाम वाया जातो. उलट, दिवसभर घाम गाळणाऱ्याने एकदम अळणी खाणे हाही उपाय नाही. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. टेल्मिसार्टन किंवा स्पिरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. गर्भवती महिलेला टेल्मिसार्टन चालत नाही. दिवस राहिल्याची शंका आली, तरी लगेच दवाखान्यात सांगून औषध बदलून घ्यावे.

राहता राहिला औषधाच्या पुरवठ्याचा प्रश्न. सरकारी केंद्रात गोळ्या साधारण महिन्याभराच्या मिळतात आणि हंगाम पाच महिन्यांचा असतो. कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या गावी तोच ब्रँड मिळेल याची खात्री नसते. नावापुढच्या ‘एच’, ‘एएम’, ‘सीटी’ या एखाद्या अक्षराने आतले औषध बदलते. त्यामुळे ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून घेणे, आणि नवी स्ट्रिप फोडण्याआधी तिच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवणे सोयीचे. गोळ्या कापून कापून शेवटी हातात जो तुकडा उरतो, त्यावर नाव शिल्लक असेलच असे नाही.