पहिल्या रांगेतील खुर्च्या

२००७ साली वीस षटकांच्या क्रिकेटचा पहिला विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाचा मुंबईच्या वानखेडे मैदानावर सत्कार झाला, तेव्हा व्यासपीठाची पहिली रांग राजकारणी आणि क्रिकेट नियामक मंडळाचे पदाधिकारी यांनी व्यापली होती व ज्यांच्यासाठी एवढा जनसमुदाय पावसाची तमा न बाळगता लोटला होता, ते खेळाडू मागच्या रांगांत बसले होते. या आसनव्यवस्थेवर त्या वेळी टीका पुष्कळ झाली. परंतु ज्या वृत्तीतून त्या खुर्च्या मांडल्या गेल्या, ती वृत्ती टीकेने लाजणारी नव्हे.

२०२४ च्या जुलैत, महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक अवघ्या साडेचार महिन्यांवर आली असताना, विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघाला राज्याच्या खजिन्यातून ११ कोटी रुपयांचे बक्षीस विधानभवनात जाहीर झाले. त्याच संघाला नियामक मंडळाने त्यापूर्वीच १२५ कोटी जाहीर केलेले होते. तेव्हा हे औदार्य खेळाडूंच्या गरजेपोटी होते, असे म्हणण्याचे धाडस बक्षीस देणाऱ्यांनीही केले नसते.

बंगळुरूत मात्र दुसऱ्याच्या विजयात मिरविण्याच्या या हौसेला रक्ताचा डाग लागला. ४ जून २०२५ रोजी, एका खासगी मालकीच्या संघाने आदल्या रात्री मिळविलेल्या विजयाचा सत्कार विधानसौधाच्या पायऱ्यांवर मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत झाला आणि त्याच दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ माणसे मेली. दुसऱ्या दिवशी शहराच्या पोलीस आयुक्तांवर निलंबनाचा हुकूम निघाला. श्रेयाच्या वाटणीत हुजुरांचा मान पहिला आणि दोषाच्या वाटणीत अंमलदाराचा, हा आपल्याकडील जुनाच शिरस्ता होय.

अशा वेळी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे स्मरण होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी सरकारदरबारी अर्जविनंत्या करूनही पुरेसे द्रव्य जमेना, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. त्या मिरवणुकीला उत्सवाचा अधिकार होता, कारण पैलवान जिंकेल की हरेल हे ठाऊक नसताना या मुलखाने त्याच्यासाठी पदरमोड केली होती. विजयानंतर दिलेल्या कोट्यवधींना ते मोल येत नाही, मग धनादेशाचा फलक कितीही मोठा छापा.

१९८४ साली अपघातात खाशाबा वारले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे २००१ साली पोहोचला. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता शासन राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करते. आणि त्या समारंभातही पहिली रांग असतेच.